मोतद्दाराचे कोण ऐकतो?

वाचकहो, घोडा म्हटला की आपल्या बेटावर एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पोर्ट लुईचे शाँ द मार्स, डोंगराच्या पायथ्याशी ते हिरवे मैदान, हातात भावांचे कागद धरलेली माणसे आणि मेडन कपच्या दिवशीची झुंबड. १८१२ साली तेथे शर्यती सुरू झाल्या, म्हणजे आपले पूर्वज जहाजातून उतरण्याच्याही आधी. मेडन कपचे अंतर २४०० मीटर. अडीच मिनिटांत सारे आटोपते, कोणाचा खिसा भरतो, पुष्कळांचा हलका होतो आणि घोडा आत नेला जातो. पुढे त्याचे काय होते हे आम्ही तरी कधी विचारले नव्हते.

आज ज्या शर्यतीविषयी लिहावयाचे आहे ती १६० किलोमीटरची आहे. उत्तरेच्या काप मालेरेहून निघावे, दक्षिणेला सुइयाकपर्यंत जावे, तेथून परत यावे आणि पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत जावे, तेवढे हे अंतर भरते. एवढे अंतर एकाच दिवसात, एकाच घोड्यावर पुरे करावयाचे. इंग्रजीत या खेळाला एन्ड्युरन्स म्हणतात. आपण दमसासाची शर्यत म्हणू. निरनिराळ्या देशांचे राष्ट्रीय संघ तीत उतरतात. १९८६ साली रोमजवळ तिचे पहिले जागतिक अजिंक्यपद झाले. आमच्या बेटाचा या खेळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आमच्या वर्गातूनच गेलेला आहे.

गेल्या गणेश चतुर्थीला आमचा एक जुना विद्यार्थी सहा वर्षांनी घरी आला होता. त्याचे नाव येथे देत नाही. कारण पुढे कळेलच. वडील उसाच्या मळ्यावर मुकादमाच्या हाताखाली, आई घरकाम करणारी. मुलाचे परीक्षेत जमले नाही, तेव्हा सोळाव्या वर्षी तो पोर्ट लुईच्या तबेल्यात पालफ्रेनिये म्हणून लागला. मराठीत याला मोतद्दार म्हणतात, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो हसला होता. तेथून तो परदेशी गेला आणि एका देशाच्या राष्ट्रीय संघाच्या तबेल्यात कामाला राहिला. आरती आटोपली, मोदक वाटून झाले, पाहुणे पांगले. तेव्हा ओसरीवर बसून त्याने जे सांगितले ते आमच्या डोक्यातून अजून जात नाही.

आधी या शर्यतीची रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे कळेल. १६० किलोमीटर एका दमात धावत नाहीत. त्याचे पाच-सहा टप्पे पाडतात, कोणताही टप्पा साधारण ४० किलोमीटरांहून मोठा नसतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पशुवैद्यांचा नाका असतो, त्याला व्हेट गेट म्हणतात. मधल्या नाक्यांवर घोडा आला की १५ मिनिटांच्या आत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ वर किंवा त्याखाली आले पाहिजेत. निवांत उभ्या घोड्याचे ठोके तीस-चाळीसच्या आसपास असतात, आणि धावताना ते याच्या कित्येक पटींनी चढतात. ते उतरले नाहीत तर शर्यत तेथेच संपली. उतरले तर वैद्य पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहतात, मानेची कातडी चिमटीत धरून अंगात पाणी किती उरले आहे याचा अंदाज घेतात. शेवटी घोड्याला दोर सैल सोडून दुडकी चालीने पळवून दाखवावे लागते. पाऊल वाकडे पडले की बाद. स्वार कितीही मोठ्या घरचा असो, वैद्यापुढे त्याचे काही चालत नाही.

आता यातली खोच अशी आहे की मधल्या टप्प्यांत घोडा नाक्याच्या आत शिरेपर्यंत घड्याळ चालूच असते. म्हणजे स्वार खाली उतरला की शर्यत मोतद्दाराच्या हाती येते. खोगीर उतरवायचे, बाटल्या-बादल्यांनी पाणी ओतायचे, मान, छाती, पायांच्या आतल्या शिरा थंड करायच्या, तापलेले पाणी अंगावरून निपटून काढून पुन्हा ओतायचे, आणि कानाने नव्हे तर तळहाताने ठोके मोजत घोड्याला चालवत न्यायचे. आमचा विद्यार्थी सांगत होता, "गुरुजी, दोन मिनिटे वाचवायला घोडेस्वाराला मैलभर पळवावे लागते. आम्ही तीच दोन मिनिटे बादलीने वाचवतो."

हे झाले शर्यतीच्या दिवसाचे. तयारी मात्र वर्षांची असते. शाळामास्तरांना ती ऐकून आपल्याच धंद्याची आठवण होईल. घोड्याचे हृदय आणि फुप्फुसे काही महिन्यांत तयार होतात. पण हाडे, सांधे आणि स्नायुबंध यांना तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून धोका कोठे असतो? घोडा पळू शकतो, त्याला पळावेसे वाटते, दम लागत नाही. आणि आत पाय अजून कच्चा असतो. अननुभवी शिक्षक त्याच्या दमाकडे पाहून अंतर वाढवतो आणि जनावर कायमचे जाते. म्हणूनच आठ वर्षांच्या आतल्या घोड्याला १६० किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत घेत नाहीत, आणि प्रत्येक शर्यतीनंतर सक्तीची विश्रांती असते. आपल्याकडे आठ वर्षांच्या मुलांना शाळेनंतर दोन-दोन तुइस्यों लावणाऱ्या पालकांनी हे नियम एकदा वाचावेत. असो, तो विषय वेगळा आहे.

आमच्या विद्यार्थ्याकडे एक घोडी होती. पहाटे तीनला उठून तिला दाणा द्यायचा, खरारा करायचा, चारही पायांवरून हात फिरवायचा. हात फिरवणे हीच तयारीतली मुख्य विद्या, असे तो म्हणाला. रोज त्याच पायावरून त्याच वेळी हात फिरला की बोटांना त्या पायाची ऊब पाठ होते. मग ती किंचित वाढली तरी कळते. यंत्राला दिसण्याआधी कळते. उष्ण हवेच्या देशात शर्यत असेल तर घोडे दोन आठवडे तरी आधी नेऊन त्या हवेची सवय करतात. त्या दिवसांत तो घोडीच्या शेजारीच खाटेवर झोपत असे. ती रात्री किती वेळा पाणी पिते, हे त्याने वहीत लिहून ठेवले होते. मराठीत लिहिले होते, कारण ती वही दुसऱ्या कोणी वाचू नये. आम्हाला त्याचा अभिमान वाटला हे कबूल केले पाहिजे.

पाण्यावरून आठवले. वर्गात संताजी-धनाजींची आख्यायिका आम्ही दरवर्षी रंगवून सांगतो, की मोगलांचे घोडे पाणी पीत नसत कारण त्यांना पाण्यात धनाजी दिसे. आमचा विद्यार्थी त्या रात्री म्हणाला, "गुरुजी, ते घोडे घामाने सुकले असतील. घोड्याच्या घामातून मीठ फार जाते. मीठ गेले की त्याला तहान लागायची बंद होते. पाण्याशी उभा राहतो आणि पीत नाही. तेव्हा घाबरायचे असते." एवढ्या वर्षांत ही गोष्ट आम्ही शौर्याची म्हणून सांगितली, कोणी जनावराच्या बाजूने तिच्याकडे पाहिले नव्हते.

शर्यतीला तीन आठवडे उरले असताना शेवटची लांब रपेट झाली. त्या रात्री घोडीने दाणा अर्धा टाकला. पहाटे त्याच्या हाताला मागच्या उजव्या पायाचा खुरावरचा सांधा गरम लागला. लंगडत नव्हती. सूज नव्हती. त्याने मुख्य मोतद्दाराला सांगितले. तो म्हणाला, रपेटीनंतर सगळेच पाय गरम असतात. त्याने शिक्षकाला सांगितले. शिक्षकाने घोडीला दहा पावले पळवून पाहिले आणि म्हणाला, "ठीक आहे. तू बादल्या सांभाळ." संघाची यादी त्याच दिवशी पाठवायची होती. घोडामैदान जवळ आले होते, वरून निरोप येत होते, मालकाला त्या घोडीकडून मोठी आशा होती. दोन दिवसांनी पाय थंड झाला. आमचा विद्यार्थी गप्प बसला.

शर्यतीत घोडी तिसऱ्या नाक्यावर लंगडली. ठोके ५६ वर उतरले होते, आतडी वाजत होती, सारे उत्तम होते. पण दुडकी चालीत पाऊल पडेना. वैद्यांनी बाद केले. देशाच्या क्रमांकासाठी संघातल्या तीन स्वारांनी अंतर पुरे करावे लागते. त्यांचे पाच निघाले होते, दोघे आधीच गळाले होते, घोडी गेली तेव्हा दोनच उरले. दोन वर्षांची तयारी, विमानाचा खर्च, झेंडे, पोशाख, सारे त्या एका सांध्यात संपले. आणि मग संध्याकाळी तंबूत चौकशी झाली: पायाकडे लक्ष ठेवणे कोणाचे काम होते? मोतद्दाराचे. मग त्याने का सांगितले नाही?

"मी सांगितले होते," एवढेच तो म्हणाला. कोणाला आठवले नाही. त्या महिन्याचे त्याचे बक्षीस कापले गेले आणि हंगाम संपल्यावर त्याला पुन्हा बोलावले नाही.

आम्ही त्याला शाळामास्तराच्या सवयीने विचारले, "अरे, एकदा सांगून ऐकले नाही तर दुसऱ्यांदा का सांगितले नाहीस?"

तो थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आशीर्वाद आठवतो का?"

आम्हाला आठवेना. त्याने आठवण करून दिली. तो सहावीत होता. आम्ही फळ्यावर 'आर्शिवाद' असा शब्द लिहिला होता. घाईत लिहिला असेल. पण लिहिला होता खरा. त्याने हात वर करून सांगितले की पुस्तकात रफार वा वर आहे. आम्ही म्हणालो, "खाली बस." तो बसला. पूर्ण वर्गाने तो शब्द तसाच वहीत उतरवला. हे सांगताना त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. "मोठ्या माणसाला एकदा सांगायचे असते, दुसऱ्यांदा सांगितले की उद्धटपणा होतो, असे मला वाटायचे," तो म्हणाला.

प्रशिक्षण महाविद्यालयात आम्हाला फळ्यावर सरळ रेषेत कसे लिहावे हे शिकवले होते, वर्ग शांत कसा ठेवावा हेही शिकवले होते. शांत वर्ग हा चांगला वर्ग, असे आमच्या निरीक्षकांचे मत होते आणि पुढे आमचेही झाले. त्या शांततेची किंमत एका घोडीच्या पायाने चुकवली असे म्हणणे फार नाट्यमय होईल. पण काहीतरी संबंध आहे एवढे आम्ही नाकारू शकत नाही.

या खेळाचा इतिहास पाहिला तर त्याचे सारे नियम अशा न ऐकण्यातूनच जन्मले आहेत असे दिसते. १८९२ साली जर्मन व ऑस्ट्रियन सैन्याच्या अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान शर्यत लावली होती. ऑस्ट्रियन इकडून निघाले, जर्मन तिकडून. सुमारे ५८० किलोमीटर. राष्ट्राची अब्रू पणाला लागली होती. काउंट श्टारेमबेर्ग नावाचा ऑस्ट्रियन अधिकारी साधारण तीन दिवसांत पोहोचून जिंकला, आणि त्याचा घोडा मेला. आणखीही बरेच घोडे मेले. पुढे १९५५ साली कॅलिफोर्नियात वेंडेल रॉबी या गृहस्थाने डोंगरातून ऑबर्न गावापर्यंत एका दिवसात शंभर मैलांची रपेट सुरू केली, तिला टेव्हिस कप म्हणतात. तेथे वेगळा विचार रुजला. चोवीस तासांच्या आत जो घोडा धडधाकट पोहोचेल त्याच्या स्वाराला चांदीचे बकल. पहिला येणाऱ्याचा मान आहेच, पण पहिल्या दहांत जो घोडा सर्वांत सुस्थितीत असेल त्याला १९६४ पासून हॅगिन कप नावाचा वेगळा चषक देतात. पुष्कळ जाणत्यांना तो पहिल्या क्रमांकाहून मोठा वाटतो, आणि आम्हालाही तसेच वाटते.

पण नियम कागदावर असून भागत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत ट्रायन येथे जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा झाल्या. दमसासाच्या शर्यतीत सकाळी काही स्वारांना चुकीच्या वाटेवर सोडले गेले. गोंधळ झाला, शर्यत थांबवली, आणि १६० ऐवजी १२० किलोमीटरची करून दुपारच्या तोंडावर पुन्हा सुरू केली. पावसानंतरचे ऊन, दमट हवा. शेवटी दुपारी शर्यत रद्दच करावी लागली. ९५ घोड्यांपैकी ५३ घोड्यांवर उपचार करावे लागले आणि न्यूझीलंडच्या संघातला एक घोडा नंतर दगावला. रद्द केल्याबद्दल अनेक संघांनी निषेध केला. वर्षानुवर्षांची तयारी वाया गेली म्हणून लोक रडले. आम्हाला त्यांचे दुःख कळते, पण आमचे मत विचाराल तर चूक रद्द करण्यात नव्हती, पहाटेपासून राबलेल्या घोड्यांना पुन्हा रांगेत उभे करण्यात होती. त्या सकाळी दोनशे-तीनशे मोतद्दार तरी तेथे असतील. ज्यांचे हात त्या घोड्यांच्या अंगावर होते, त्यांना कोणी विचारले असेल का?

आणि म्हणून आमची सूचना साधी आहे. राष्ट्रीय संघ निवडताना, तो कोणत्याही देशाचा असो, प्रत्येक घोड्याच्या कागदावर त्याच्या मोतद्दाराचीही सही असावी. वैद्याची असते, स्वाराची असते, संघटनेच्या चिटणीसाची असते. ज्याने घोड्याबरोबर रात्री काढल्या त्याचीच नसते. त्याने शंका लिहिली तर चोवीस तास घोडा थांबवावा आणि वैद्याने पुन्हा पाहावे. शंका खोटी निघाली म्हणून त्याची रोजी जाऊ नये. कोणी म्हणेल, मोतद्दार आळसाने वाटेल ते लिहितील. लिहीत नाहीत, वाचकहो. बहुतेक जण आमच्या वर्गांतून गेलेले असतात; त्यांना एकदासुद्धा बोलायला धीर लागतो.

या बाबतीत आपल्या मराठी समाजालाही दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. शिवजयंतीच्या भाषणांत आपण भीमथडीची तट्टे, दौडी, शिलेदार-बारगीर यांचा जयघोष करतो. भीमथडी ही तट्टांची जात चिवटपणाबद्दल नावाजलेली होती हे खरे. अलीकडे तिला अधिकृत जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. पण आपले पणजोबा या बेटावर घोड्यावर बसून आले नाहीत. ते उसाच्या मळ्यात राबायला आले, आणि तबेल्याशी त्यांचा संबंध आलाच असेल तर शेण उचलण्यापुरता. तेव्हा मिरवायचेच असेल तर मोतद्दाराचे मिरवावे. त्या रात्री आमच्या विद्यार्थ्याच्या आईने शेजाऱ्यांना सांगितले की मुलगा तिकडे "हॉर्स मॅनेजर" आहे. आम्ही काही बोललो नाही. पण तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता.

भारताची निदा अंजुम चेलाट ही केरळची तरुणी २०२३ साली फ्रान्समध्ये कास्टेलसाग्राट येथे तरुणांच्या जागतिक अजिंक्यपदात १२० किलोमीटर ७ तास २९ मिनिटांत पुरे करून आली, आणि २०२४ साली मॉन्पाझिये येथे मोठ्यांच्या गटात १६० किलोमीटरही तिने पुरे केले. भारतीय म्हणून आम्हा सर्वांची मान उंच झाली. आम्ही ते कात्रण वर्गात लावले आहे. बातमीत घोड्याचे नाव होते हे पाहून आनंद वाटला. बादलीवाल्यांची नावे आम्ही वाचलेल्या एकाही बातमीत नव्हती.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी आमचा विद्यार्थी घरी आला. दुसऱ्या एका देशाच्या तबेल्यात जागा होती, अर्ज फ्रेंचमध्ये हवा होता आणि त्याला आमच्याकडून लिहून घ्यायचा होता. अनुभव, वर्षे, किती घोडे सांभाळले, सारे लिहिले. मग आम्ही आपल्या मनाने एक वाक्य घातले: घोड्याचा पाय गरम लागला तर हा उमेदवार ते सांगेल, आणि ऐकले नाही तर पुन्हा सांगेल. त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "गुरुजी, हे काढा. नोकरी मिळणार नाही." आम्ही पेन हातात घेतले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "नको, राहू द्या."

अर्ज जाऊन सात आठवडे झाले. उत्तर अजून आलेले नाही.